पिकअपचा हौदा, त्यावरचं झाकण आणि मोती

परवा शनिवारी सकाळी चहाचा पहिला कप हातात होता, डोळे अजून अर्धे मिटलेले, आणि मित्राचा फोन. "अरे, तुला असल्या गोष्टी शोधत बसायची हौस आहे ना? मग एक सांग. पिकअपच्या हौद्यावर कुठलं कव्हर घेऊ? मोआबला जायचंय, आणि मोती पण येणार आहे."

थोडी पार्श्वभूमी. हा मित्र माझ्यासारखाच कोडकारकून, डेन्व्हरला राहतो. बारा वर्षं गुपचूप सेडान चालवल्यावर मागच्या वर्षी त्याच्या अंगात अमेरिका शिरली आणि त्याने चार दारांचा पिकअप घेतला. मोती म्हणजे त्याचा कुत्रा. शेल्टरमधून आणलेला, वीसेक किलोचा, रंग चहाच्या साईसारखा, जात विचारू नये. सध्या साताऱ्याहून काकू, म्हणजे त्याची आई, सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. मुलगी पाच वर्षांची. म्हणजे गाडीत चार माणसं, एक कुत्रा आणि मराठी कुटुंबाला तीन दिवसांना लागतं तेवढं सामान. (ज्यांना हे सामान किती असतं ते माहीत नाही, त्यांचं अजून लग्न झालेलं नाही.)

मित्राची योजना साधी होती. मागच्या सीटवर मुलगी, काकू आणि सामान. मोती हौद्यात, खाली गादी, वर छान कडक झाकण. "ऊन नाही, वारा नाही, पाऊस नाही. राजासारखा झोपून येईल. इथे तर सगळेच कुत्र्याला मागे टाकतात की!"

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात किड्यासारखं वळवळायला लागलं. खरंच, सगळेच टाकतात का? कधीपासून? आणि त्या कुत्र्यांचं पुढे काय होतं? झालं, वीकांत गेला कामातून. खाली जे लिहितोय ते त्या दोन दिवसांचं फलित. कव्हर कुठलं घ्यायचं ते शेवटी येईलच, पण आधी सव्वाशे वर्षं मागे जाऊ.

गॉगलवाला बड

१९०३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात गप्पा चालल्या होत्या. मोटारगाडी म्हणजे श्रीमंतांचं खेळणं, देश ओलांडणं तिला जमणार नाही, असा सूर होता. होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाच्या व्हरमाँटच्या डॉक्टरने तिथे पन्नास डॉलरची पैज लावली की नव्वद दिवसांच्या आत मोटारने न्यूयॉर्क गाठून दाखवतो. तेव्हा या गृहस्थाकडे स्वतःची गाडी नव्हती! त्याने एक विन्टन गाडी घेतली, स्यूअल क्रॉकर नावाचा मेकॅनिक सोबत घेतला आणि २३ मेला निघाला. वाटेत आयडाहोमध्ये पंधरा डॉलर देऊन एक कुत्रा घेतला. त्याचं नाव बड.

गाडी उघडी, पुढे काच नाही, रस्ते कच्चे. खारट जमिनीची धूळ उडून बडचे डोळे लाल व्हायला लागले, म्हणून जॅक्सनने त्याला स्वतःसारखाच गॉगल घातला. फोटोंमध्ये बड मालकांच्या बरोबर पुढे बसलेला दिसतो, गॉगल लावून, एकदम ऐटीत. २६ जुलैला तिघं न्यूयॉर्कला पोचले. मोटारने अमेरिका ओलांडायची ती पहिली यशस्वी खेप. ती गाडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मला यात गंमत वाटली ती अशी की अमेरिका मोटारने ओलांडणारा पहिला कुत्रा मागे नव्हता, पुढे होता. आणि त्याच्या मालकाला पहिला प्रश्न पडला तो आज मित्राला पडलाय तोच: वारा आणि धूळ यांपासून याला वाचवायचं कसं?

झाकणाचं नाव पिंपावरून

या हौद्यावरच्या झाकणाला इंग्रजीत 'टोनो कव्हर' म्हणतात. टोनो हा फ्रेंच शब्द, अर्थ पिंप. सुरुवातीच्या मोटारींत मागच्या सीटचा भाग गोलसर, अर्ध्या पिंपासारखा असायचा आणि बऱ्याचदा त्यात मागच्या दारातून चढावं लागायचं. त्या भागालाच टोनो म्हणू लागले. गाड्या उघड्या, त्यामुळे मागे कुणी बसलेलं नसेल तेव्हा सीटवर धूळ-पाऊस पडू नये म्हणून वर कापड ताणून बटणांनी लावायचे. ते टोनो कव्हर.

नीट बघा हं: हे कव्हर कुणी बसलेलं *नसताना* लावायचं होतं. जिवंत काहीतरी आत ठेवून वर झाकण घालायचं, ही त्या वस्तूची कल्पनाच नव्हे. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मित्र एका फंक्शनला भलताच इनपुट देत होता. असो.

२८१ डॉलरचा हौदा

पिकअप हा प्रकार आधी शेतकऱ्यांनी घरीच जन्माला घातला. फोर्डची मॉडेल टी घ्यायची, मागचा भाग काढायचा, तिथे लाकडी खोका ठोकायचा, की झाली मालगाडी. आपल्याकडच्या जुगाडाचे सख्खे चुलतभाऊच म्हणा ना. मग एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने स्वतःच कारखान्यातून तशी गाडी काढली. नाव लांबलचक, 'मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी', आणि किंमत २८१ डॉलर. वीस अश्वशक्तीचं इंजिन, मागे पत्र्याचा हौदा आणि उघडता येणारा फाळका.

या गाडीत पुढे एकच बाक. त्यावर शेतकरी, त्याची बायको, फार तर एक पोर. उरलेली पोरं, दुधाच्या किटल्या, तारेची भेंडोळी आणि कुत्रा, सगळे मागे. म्हणजे कुत्रा हौद्यात गेला तो कुणी विचार करून पाठवला म्हणून नाही, तर पुढे जागा नव्हती म्हणून. शिवाय तो कामाचा कुत्रा. गुरं वळायला शेताच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचा, ताशी दहा-पंधरा मैलांच्या वेगाने, मातीच्या रस्त्यावरून. उडी मारली तरी मालक थांबायचा. आपल्याकडे बैलगाडीच्या मागेपुढे धावत जाणाऱ्या कुत्र्याचीच ही थोडी सुधारलेली आवृत्ती.

पुढे झालं काय, की रस्ते डांबरी झाले, मग महामार्ग झाले, वेग साठ-सत्तर मैलांवर गेला. सवय मात्र तीच राहिली. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. का लिहिलं होतं ते कुणालाच आठवत नाही, पण चालतंय म्हणून कुणी हात लावत नाही. एक दिवस ते फुटेपर्यंत.

चार्ली आणि रोसिनांते

कुत्रा आणि पिकअप म्हटलं की अमेरिकन माणसाला आठवतो जॉन स्टाइनबेक. सप्टेंबर १९६० मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो आपल्या चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन देश बघायला निघाला. गाडी जीएमसी कंपनीचा पिकअप, आणि हौद्यावर बसवलेली एक छोटी खोलीच: पलंग, स्टोव्ह, खिडक्या. डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीचं नाव ठेवलं रोसिनांते. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक १९६२ मध्ये आलं, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. पुस्तकात खरं किती आणि रचलेलं किती यावर पुढे बराच वाद झाला. गाडी मात्र खरीखुरी आहे आणि कॅलिफोर्नियात सलिनासच्या स्टाइनबेक केंद्रात बघायला मिळते.

चार्ली या सगळ्या प्रवासात बसायचा कुठे? पुढे, स्टाइनबेकच्या शेजारी. मागची खोली मुक्काम आल्यावर. त्याला सोबत हवी होती, गप्पा मारायला कुणीतरी हवं होतं. हौद्यात झाकून ठेवलेल्या कुत्र्याशी काय डोंबल गप्पा मारणार?

पण त्या पुस्तकाच्या आगेमागे हौद्यावर बसवायच्या खोल्या आणि टोप्या भराभर पसरत गेल्या. आधी कापडी, मग ॲल्युमिनियमच्या, मग फायबरग्लासच्या. आणि मागच्या हौद्यात पोरं आणि कुत्री झोपून जाताहेत, पुढे आईबाप गाणी ऐकताहेत, हे सुट्टीचं नेहमीचं चित्र झालं.

कोंबडीचा कर आणि मागच्या दोन खुर्च्या

इथे एक आडवळण घेतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. साठच्या दशकात अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात फार खपायला लागली, म्हणून तिकडच्यांनी तिच्यावर कर वाढवला. अमेरिकेने डिसेंबर १९६३ मध्ये उलटा दणका दिला: बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर. कोंबडीचं भांडण केव्हाच मिटलं, कर अजून आहे.

हा कर चुकवायला सुबारूने सत्तरच्या दशकाच्या शेवटी काय केलं? 'ब्रॅट' नावाच्या छोट्या पिकअपच्या हौद्यात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या, तोंड मागे. आता हा ट्रक नाही हो, ही तर प्रवासी गाडी! कर एकदम कमी. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांच्या रँचवर अशी एक ब्रॅट होती. सांगायचा मुद्दा एवढाच, की उघड्या हौद्यात माणसं बसवणं तेव्हा इतकं सर्वमान्य होतं की एका मोठ्या कंपनीने त्यावर आख्खी गाडी खपवली. मग कुत्र्याचा विचार कोण करतो?

सिएटलची वीस मुलं

आता जे सांगतोय ते वाचून मी रविवारी दुपारी मित्राला लगेच फोन लावला होता.

सिएटलच्या दोन संशोधकांनी, हॅम्पसन आणि नॉरकूल यांनी, १९९२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक निबंध छापला. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या ६८ मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातल्या २० मुलांना ती बाधा पिकअपच्या हौद्यात प्रवास करताना झाली होती. त्या वीसपैकी १७ मुलं बंद कडक टोपीखाली होती, तीन ताडपत्रीखाली. पंधरा बेशुद्ध पडली. एक मूल दगावलं, एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली.

पुन्हा वाचा. उघड्या हौद्यातलं एकही नाही. सगळी झाकणाखालची. ऊन-वारा-पाऊस लागू नये म्हणून आईबापांनी काळजीने घातलेल्या झाकणाखालची.

असं का होतं? गाडी पुढे धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथली हवा भोवऱ्यासारखी फिरत राहते. एक्झॉस्टचा धूर त्याच भोवऱ्यात सुटतो. फाळक्याच्या फटीतून, हौद्याच्या तळातल्या भोकांतून तो आत येतो, आणि वरून झाकण असल्यामुळे बाहेर जायला वाट नाही. या वीसही घटनांत एकतर एक्झॉस्ट गळका असल्याचं आधीच माहीत होतं, नाहीतर नळीचं तोंड बाजूला नसून मागे होतं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. मूल झोपलंय असंच पुढच्यांना वाटतं.

आजच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यामुळे हा वायू पूर्वीच्या मानाने खूपच कमी सुटतो. पण इंजिन गार असताना, किंवा कुठेतरी नळी गळत असताना, त्याचा भरवसा नाही. आणि मूल निदान 'आई, डोकं दुखतंय' म्हणू शकतं. मोती काय म्हणणार?

कायदा जागा होतो

हळूहळू राज्यांनी नियम केले, तेही प्रत्येकाचे वेगळे. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २३११७ मला नमुनेदार वाटलं. महामार्गावर हौद्यात प्राणी न्यायचा तर हौदा बंदिस्त हवा, किंवा चहूबाजूंनी तळापासून ४६ इंच उंच कठडे हवेत, नाहीतर प्राणी दोन्ही बाजूंनी बांधलेला किंवा पक्क्या बसवलेल्या पिंजऱ्यात हवा. थोडक्यात तो बाहेर फेकला जाता कामा नये. शेतावर, रँचवर कामाला असलेल्या कुत्र्यांना सूट. म्हणजे १९२५ चा तो शेतकरी आणि त्याचा कुत्रा कायद्याने अजून जपून ठेवलाय!

पण गंमत बघा, हा कायदा कुत्रा बाहेर पडू नये एवढंच बघतो. आत त्याचं काय होतं याचा यात विचार नाही. कडक झाकणाखाली ठेवला तर बाहेर पडणार नाहीच. पण उन्हाचं काय? २००५ साली 'पिडिॲट्रिक्स' या जर्नलमध्ये बंद मोटारींवरचा एक अभ्यास आला. बाहेर फक्त ७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २२ सेल्सियस, असतानाही तासाभरात आतलं तापमान सरासरी ४० अंश फॅरनहाइटने वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातली. खिडकी बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. तो अभ्यास काचेच्या गाडीचा आहे, झाकलेल्या हौद्याचे आकडे वेगळे येतील हे मान्य. पण काळा पत्रा, काळं झाकण, खिडकी नाही, एसी नाही आणि मोआबचा उन्हाळा, याचा हिशोब करायला जर्नल कशाला हवं? कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो. कोंदट, दमट हवेत धापांचाही उपयोग संपतो.

मग कव्हर कुठलं?

इतक्या इतिहासानंतर उत्तर फारच सोपं निघालं: सामानासाठी घ्यायचं, कुत्र्यासाठी नाही.

पिकअपचाच इतिहास त्याला दुजोरा देतो. १९६१ च्या फोर्ड पिकअपच्या लांबीत ६४ टक्के हौदा होता आणि ३६ टक्के केबिन. साठ वर्षांनी हे प्रमाण जवळजवळ उलटं झालं, केबिन ६३ आणि हौदा ३७. चार दारं, मागे पूर्ण सीट, एसी. कुत्रा मागे जायचं एकमेव कारण, पुढे जागा नसणं, ते केव्हाच संपलंय. आता जागा अडवतं ते सामान. तेव्हा सामान मागे जाऊ दे आणि मोती पुढे येऊ दे.

सामानासाठीचे पर्याय असे. गुंडाळता येणारं रेक्झिनसारखं मऊ कव्हर सगळ्यात स्वस्त, हलकं, पण चोराला सुरी पुरते. तीन घड्यांचं कडक कव्हर मधल्या किंमतीचं, फाळक्याबरोबर कुलूपबंद होतं आणि उंच सामान असलं की घडी करून केबिनला टेकवता येतं. शटरसारखं आत सरकणारं दिसायला झकास, पण महाग, आणि त्याचा डबा हौद्यातली जागा खातो. अखंड एकसंध झाकण मजबूत, पण काढायचं तर दोन माणसं लागतात. आणि खिडक्यांची उंच टोपी मुक्कामाला, कॅम्पिंगला उत्तम. मात्र चालत्या गाडीत तिच्याखाली कुणीही, दोन पायांचं किंवा चार पायांचं, नको. घेण्याआधी हौद्याची लांबी टेप लावून मोजा, साडेपाच आणि साडेसहा फूट या मापांत गल्लत करून कव्हर परत पाठवणारे कमी नाहीत. आणि कुठलंही कव्हर शंभर टक्के जलरोधक नसतं, पाणी फाळक्याच्या फटीतून येतंच. पिठाचा डबा प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवावा.

मित्राला हे सगळं सांगितलं. वीस मुलांचं ऐकून तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "पण मागे आई बसणार रे. तुला माहितीये ना तिचं." मला माहीत होतं. साताऱ्याच्या घरात कुत्रा पायरीच्या वर कधी आला नव्हता. इथे आल्यावरही पहिला महिनाभर काकू मोतीला 'तो प्राणी' म्हणत होत्या.

फोन स्पीकरवर होता हे आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. मागून काकूंचा आवाज आला, "त्या मुक्या जिवाला डब्यात कोंबून न्यायचं आणि आपण गारव्यात बसायचं? कुणी शिकवलं रे तुला हे? माझ्याशेजारी बसू दे त्याला. फक्त आधी आंघोळ घाला मेल्याला."

वादच मिटला. तीन घड्यांचं कडक कव्हर मागवलंय. मोतीसाठी सीटबेल्टला अडकवायचा पट्टा घेतलाय, म्हणजे तो मुलगी आणि काकू यांच्या मधोमध बसेल, आणि ब्रेक दाबला तरी जागेवर राहील. पुढच्या शुक्रवारी पहाटे निघताहेत.

बडला मिळाला होता तसा गॉगल मात्र मोतीला नाही. काचा बंद असतील, त्याची गरज नाही. पण मुलीने हट्ट धरलाय, तेव्हा तोही येईल बहुतेक.